ट्रिगर आहे तसाच राहू द्या

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी मूळचा सांगलीचा. बरीच वर्षं टेक्ससमध्ये फ्रिस्कोला आहे, ग्रीन कार्ड मिळालंय. आमच्या भागात भारतीयांची घरं सोन्यासाठी फोडल्याच्या बातम्या यायला लागल्या, म्हणून ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, जेन ५ (पाचवी आवृत्ती), एमओएस मॉडेल. रेंजवर जातो, पण ७ यार्डांवरसुद्धा गोळ्या डावीकडे खाली जातात. वय ४७, चष्मा प्रोग्रेसिव्ह. रेंजवरच्या मित्राने यादी करून दिली आहे: साडेतीन पौंडांचा ट्रिगर, थ्रेडेड बॅरल आणि त्यावर कॉम्पेन्सेटर, मॅगवेल, लांब स्लाइड स्टॉप, रेड डॉट, लाइट, आणि स्लाइडच्या मागे लावायची कवटी कोरलेली प्लेट. सगळं मिळून ९०० डॉलरच्या आसपास जातं. कार्ट भरून ठेवली आहे. बायको म्हणते, आधी आहे ते नीट ठेवायला शिका. मुलगा १४ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. आतेभाऊ एच-वन-बीवर आहे, तो आमच्याकडेच राहतो. दिवाळीनंतर आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतील. पिस्तूल सध्या कपाटाच्या वरच्या खणात कपड्यांखाली ठेवतो. यादीतलं काय घेऊ, काय वगळू?"

नमस्कार,

वहिनी बरोबर बोलतायत, आणि कार्टमधली पहिली वस्तू त्यांच्या बोलण्यातूनच निघते. तुमच्या मित्राच्या यादीत तिजोरी नाही. वरच्या खणात, कपड्यांखाली ठेवलेलं पिस्तूल लपवलेलं असतं, बंद केलेलं नसतं. १४ वर्षांच्या मुलाला घरातला प्रत्येक खण माहीत असतो. ९ वर्षांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी लपंडाव खेळताना कपाटात शिरणारच. टेक्ससचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे: निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागलं तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

म्हणून आजच, हे पत्र वाचून झाल्यावर, पिस्तूल रिकामं करा. आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून बघा. हा क्रम उलटा कधीच नको, कारण मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर दुसरं काडतूस चेंबरमध्ये चढतं. तिजोरी येईपर्यंत पिस्तूल कुलूपबंद आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. मग जाड पत्र्याची, लाकडाला किंवा भिंतीला बोल्टने पक्की करता येणारी, बटणं दाबून उघडणारी छोटी तिजोरी घ्या. मी बोटाच्या ठशावर उघडणाऱ्यांपेक्षा साध्या बटणांची सुचवते. घामट किंवा ओल्या बोटाचा ठसा नेमक्या वेळी लागत नाही, याचा अनुभव माझ्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितला आहे. बऱ्यापैकी तिजोरीला २०० डॉलरच्या आसपास पडतील. ९०० मधले पहिले २०० तिथे गेले.

कोड कोणाला द्यायचा, हे पत्रात विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसाच आहे आणि आई-बाबांचा व्हिजिटर व्हिसाही. म्हणजे आतेभावाला कोड द्यायचा नाही, आई-बाबांनाही नाही. "चल, तूही दोन गोळ्या मारून बघ" म्हणत आतेभावाला रेंजवर नेऊ नका. रेंजवाल्याने काही विचारलं नाही म्हणजे कायद्याने चाललं असं होत नाही, आणि त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे अडकला तर त्याची भरपाई कोण करणार? त्याला खरंच आवड असेल तर त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून शिकारीच्या परवान्याचं बघावं, मग रेंजवर यावं.

आता यादीकडे येते. या सगळ्या वस्तू मी दोन ढिगांत घालते. एक, पिस्तुलाच्या आतल्या यंत्रणेत हात घालणाऱ्या. दुसऱ्या, बाहेरून तुमच्या डोळ्याला, हाताला आणि घरातल्या अंधाराला मदत करणाऱ्या. घराच्या रक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात पहिला ढीग मी पूर्ण नाकारते. दुसऱ्यातलं एकेक तपासून घ्यायचं.

पहिल्या ढिगाचा मुकुटमणी म्हणजे हलका ट्रिगर. मित्राचा तर्क असा दिसतो: गोळ्या डावीकडे खाली जातात, म्हणजे ट्रिगर जड आहे, तो हलका केला की सुधारेल. तुम्ही उजव्या हाताने मारत असाल असं धरते. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जाणं हे नवशिक्याचं सगळ्यात ओळखीचं लक्षण आहे, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा ट्रिगरच्या वजनात नसतं. धमाका होणार हे शरीराला कळतं आणि मेंदू त्याच्या अर्धा क्षण आधी मनगट खाली ढकलतो. ट्रिगरबरोबर सगळी बोटंही आवळली जातात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपी रीत आहे. डमी काडतुसं आणा, प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची, ज्यात दारू नसते. रेंजवर ज्याला पिस्तूल नीट हाताळता येतं अशा माणसाला तुमचं मॅगझिन भरायला सांगा. पाच-सहा खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन डमी, कुठे ते तुम्हाला कळू न देता. मग नेहमीसारखं मारा. डमीची पाळी येईल तेव्हा नुसतं "टक" होईल, धमाका नाही, झटका नाही. तरी पुढची साइट (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) टार्गेटच्या काळ्या गोलातून खाली बुडी मारताना तुम्हाला दिसेल. कधी कधी तर बोटभर. बाजूला उभा असलेला माणूस ते तुमच्याही आधी बघेल. ही बुडी तुमच्या हाताची आहे. ट्रिगर साडेतीन पौंडांचा केला तरी ती होणार, उलट तयारी होण्याआधीच गोळी सुटण्याचा धोका त्यात वाढेल.

याला औषध आहे ते फुकट आहे. घरी, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, समोर गोळी अडवेल अशी भिंत निवडून रोज दहा मिनिटं कोरडा सराव करा. साइट एका ठिपक्यावर धरायची आणि ती न हलवता ट्रिगर मागे आणायचा. ग्लॉक अशा सरावाला चालतं, बरेच जण चेंबरमध्ये डमी ठेवून करतात. नियमित केलंत तर काही आठवड्यांत टार्गेटवर फरक दिसायला लागेल.

हलक्या ट्रिगरबद्दल माझा विरोध इतका ठाम का, तेही सांगते. ग्लॉकला बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नसतो. त्याची सुरक्षा तीन ठिकाणी बसवलेली आहे: ट्रिगरच्या मधोमध असलेली पट्टी, फायरिंग पिनची (काडतुसावर ठोका देणाऱ्या सुईची) वाट अडवणारा स्लाइडमधला छोटा खुंटा, आणि पिस्तूल पडलं तरी ट्रिगर बारला खाली घसरू न देणारी आतली खाच. कारखान्याचा ट्रिगर साधारण साडेपाच-सहा पौंडांचा, म्हणजे अडीच किलोच्या पुढेमागे असतो आणि हे सगळे भाग त्याच हिशोबाने जुळवलेले असतात. बाजारातले किट वजन कमी करतात ते स्प्रिंगा बदलून, कनेक्टरचा (ट्रिगरचं वजन ठरवणाऱ्या आतल्या पट्टीचा) कोन बदलून, कधी भाग घासून. फायरिंग पिनची स्प्रिंग मऊ झाली की कडक प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) ठोका हलका पडतो आणि गोळी सुटत नाही. आतल्या भागांची एकमेकांवरची पकड कमी झाली की सुटू नये तेव्हा सुटू शकते. आतला मामला किती नाजूक असतो याचं मोठं उदाहरण २०१७ चं आहे. सिग सॉअरचं पी३२० विशिष्ट कोनात पडलं तर गोळी सुटू शकते हे समोर आलं, आणि त्या ऑगस्टमध्ये कंपनीने ट्रिगर व आतले काही भाग कमी वजनाचे बसवून देण्याची योजना जाहीर केली. तिथे प्रश्न दाबाचा नव्हता, त्या भागांच्या स्वतःच्या वजनाचा होता. पडल्यावर काय होईल हे इतक्या थोडक्यावर ठरत असेल, तर यूट्यूब बघून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते बदलायला मी कोणालाच सांगणार नाही.

मुद्दाम जड केलेला ट्रिगर चांगला, असंही माझं म्हणणं नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी वर्षानुवर्षं १२ पौंडांपर्यंतचे ट्रिगर वापरले, आणि २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी पोलिसांच्या गोळीबारात रस्त्यावरचे ९ जण जखमी झाले तेव्हा त्या जड ट्रिगरवर बरीच टीका झाली. कारखान्याने दिलेला मधला ट्रिगर तुमच्या कामाला पुरेसा आहे.

थ्रेडेड बॅरल, म्हणजे तोंडाशी आटे असलेली नळी, आणि कॉम्पेन्सेटर सोडून द्या. कॉम्पेन्सेटर दारूचा वायू वरच्या दिशेने सोडून नळीचं तोंड उचलणं कमी करतो. स्पर्धेत त्याचा उपयोग होतो. घरात रात्री त्याच वायूचा लोळ तुमच्या डोळ्यांसमोर उठतो, बंद खोलीत आवाज आणखी अंगावर येतो, आणि सरावाच्या सौम्य काडतुसांवर स्लाइड नीट फिरत नाही अशा तक्रारी येतात. दुसरी गोष्ट नोकरीची. नोकरीपायी आपली माणसं आज टेक्ससमध्ये आणि उद्या कॅलिफोर्नियात असतात. थ्रेडेड बॅरल असलेलं असं पिस्तूल कॅलिफोर्नियात असॉल्ट वेपन ठरतं, आणि १० पेक्षा जास्त काडतुसांची मॅगझिन राज्यात नेता येत नाहीत. तुमच्या ग्लॉकचं मूळ मॅगझिन १५ चं आहे. बदली होण्याची शक्यता दिसली की सामान बांधायच्या आधी हे बघावं लागेल.

लांब स्लाइड स्टॉप, म्हणजे स्लाइड मागे अडकवणारा खटका, नको. नवख्या माणसाचा अंगठा त्यावर टेकून राहतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकत नाही. मॅगवेल, म्हणजे मॅगझिन झटकन आत सरकावं म्हणून मुठीखाली लावायचं रुंद तोंड, स्पर्धेतल्या माणसांसाठी. मॅगझिन मात्र दोन जादा घ्या, ग्लॉकचीच.

कवटीची प्लेट घेऊ नका, अगदी फुकट मिळाली तरी. ॲरिझोनात मेसा इथे २०१६ साली एका पोलिसाच्या गोळीने एक निःशस्त्र माणूस मेला. त्या रायफलवर एक शिवीवजा वाक्य कोरलेलं होतं. न्यायाधीशांनी ते ज्यूरीपुढे येऊ दिलं नाही, पण साऱ्या देशाच्या बातम्यांत ते वाक्य फिरलं. ईश्वर करो आणि तुमच्यावर तशी वेळ कधी न येवो. आलीच तर तुम्ही घाबरलेला, कुटुंब वाचवणारा माणूस होतात हे तुमच्या हातातल्या वस्तूवरूनही दिसलं पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. अनोळखी संकेतस्थळांवर स्वस्तात मिळणारे ग्लॉकचे 'स्विच', म्हणजे पिस्तूल स्वयंचलित करणारे तुकडे, नुसते जवळ असणं हा गंभीर संघीय गुन्हा आहे. सुटे भाग घ्यायचे ते ओळखीच्या अमेरिकी दुकानातून, आणि काय आहे ते कळल्याशिवाय नाहीच.

आता तुमच्या डोळ्यांचा प्रश्न. पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती चष्म्याची आहे, आणि मित्राच्या यादीतला रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) मला पटतो तोही तिच्यामुळेच. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग जवळचं पकडेनासं होतं. पिस्तुलाची पुढची साइट हाताच्या अंतरावर असते आणि लोखंडी साइटने मारताना नजर तिच्यावर रोखायची असते. तुमच्या चष्म्यात लांबचं वर, जवळचं खाली आणि मधल्या अंतराची पट्टी अरुंद. साइट स्पष्ट दिसावी म्हणून तुम्ही नकळत हनुवटी वर उचलत असाल. पुढच्या वेळी रेंजवर कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मान मागे गेली की खांदे मागे जातात आणि पकड सैल पडते.

रेड डॉटमध्ये ठिपका लांबवर तरंगताना दिसतो, त्यामुळे नजर टार्गेटवरच ठेवायची, चष्म्याच्या वरच्या भागातून, मान सरळ. तुमच्यासारख्या डोळ्यांना याचा खरा फायदा होतो. फक्त विकत घेण्याआधी दुकानात तीन-चार डॉटमधून बघा. डोळ्यात अस्टिग्मॅटिझम (वक्रतेतला दोष) असेल तर ठिपका ओल्या बोटाने फिसकटलेल्या रांगोळीच्या ठिपक्यासारखा दिसतो. तसा दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका बघा. कॅमेऱ्यात गोल असेल तर दोष डोळ्याचा, डॉटचा नाही. मग उजेड कमी करून बघा किंवा गोल-आणि-ठिपका असं चिन्ह असलेला डॉट वापरून बघा, काही जणांना तो बरा पडतो.

तुमचं मॉडेल एमओएस आहे, म्हणजे स्लाइडला डॉट बसवायची खाच कारखान्यातच पाडलेली आहे, मिलिंगचा खर्च वाचला. होलोसन ५०७सी सारखा डॉट तुमच्या बजेटमध्ये बसतो. बॅटरी बाजूच्या खणातून निघते, डॉट उतरवावा लागत नाही. बसवताना एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा: स्क्रूची लांबी. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं कवच बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) बाजूचा स्क्रू जरासा लांब असला तर तो खाली एक्स्ट्रॅक्टरच्या दांड्याला दाबतो आणि रिकामी कवचं अडकायला लागतात. डॉट लावल्यावर अचानक पिस्तूल अडखळायला लागलं तर आधी तिथे बघा. डॉट आणि स्लाइडच्या मधली प्लेट बनवणाऱ्याने सांगितलेलेच स्क्रू, सांगितलेल्या ताकदीने, थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकटा) लावून कसा, आणि स्क्रूच्या डोक्यावरून प्लेटवर रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू सैल झाला. हे स्वतः करायचा आत्मविश्वास नसेल तर गनस्मिथकडून करून घ्या.

ग्लॉकच्या मूळ प्लॅस्टिकच्या साइट बदलून उंच धातूच्या घ्या, म्हणजे डॉट बंद पडला तरी काचेतून त्या दिसतील. ट्रिशियमच्या घेतल्या तर अंधारात मिणमिणतात, फक्त ट्रिशियमचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या जरा वर असतं, वापरलेल्या स्वस्तात घेताना वर्ष बघा.

पकडीसाठी काहीही विकत घेऊ नका. पिस्तुलाच्या डब्यात मागच्या बाजूला लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या आलेल्या असतील, बऱ्याच जणांनी त्या उघडलेल्याही नसतात. एकेक लावून बघा. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज बसलं पाहिजे, पिस्तूल हातात न फिरवता. वहिनी शिकणार असतील तर पट्टी न लावता बघायला सांगा.

लाइट घ्या, पण पिस्तुलावरचा नंतर. आधी हातातली चांगली टॉर्च. पिस्तुलाला लावलेला लाइट जिथे वळतो तिथे नळीही वळते, आणि रात्री दोन वाजता खुडबुड करणारे बहुतेक वेळा जेटलॅगमुळे झोप न लागलेले बाबा असतील, किंवा पाणी प्यायला उठलेला मुलगा. त्यांच्यावर टॉर्चचा उजेड पडला तर काही बिघडत नाही. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट जाता कामा नये. पिस्तुलावरचा लाइट पुढे घेतलात तर होल्स्टरही त्याच लाइटच्या मापाचं घ्यावं लागेल. होल्स्टर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लॅस्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. पिस्तूल घराबाहेर नेणार नसाल तरी तिजोरीत ते होल्स्टरमध्येच ठेवा, म्हणजे घाईत उचलताना बोट ट्रिगरला लागणार नाही.

हिशोब असा बसतो: तिजोरी २००, डॉट आणि प्लेट मिळून ३५० च्या आत, टॉर्च आणि होल्स्टर शंभरेक. उरलेले अडीचशे एका दिवसाच्या क्लासला आणि काडतुसांना. साइट पुढच्या महिन्यात. क्लास सोडू नका आणि जमल्यास वहिनींनाही सोबत न्या. घरात हे ठेवायचं तर दोघांनाही ते सुरक्षितपणे रिकामं करता आलं पाहिजे.

सोन्याबद्दल थोडंसं. अशा चोऱ्या बहुतेक वेळा घर रिकामं असताना होतात, लग्नाला, देवळात, सुट्टीत माणसं गेलेली असताना. त्या वेळी तुमचं पिस्तूल तिजोरीत असेल आणि तुम्ही घरी नसाल. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, अलार्म लावा. हे आधी करा.

आणि रेंजला नेता ती बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. कोपऱ्यात घसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अटकेपर्यंत नेऊ शकतं. तुमच्या ग्लॉकसारखी ९ मिलिमीटरची पिस्तुलं तिथे सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाहीत, ती प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या व्यासात) मोडतात. आई-बाबा परत जाताना त्यांना सामानासाठी ती बॅग देऊ नका. तिला वेगळा रंग, वेगळी जागा असू द्या, गॅरेजमध्ये.

डॉटची ऑर्डर क्लास होईपर्यंत थांबवा. डमी काडतुसांचा प्रयोग आणि काही आठवड्यांचा कोरडा सराव झाला की ७ यार्डांवर सावकाश १० गोळ्या मारा, टार्गेटचा आणि बाजूने काढलेला तुमचा, असे दोन्ही फोटो मला पाठवा. गोळ्या एका मुठीत आल्या असतील आणि मान अजून मागे जात असेल तर डॉट घ्याच. मानही सरळ असेल तर नुसत्या धातूच्या साइटवर भागेल, आणि ते साडेतीनशे डॉलर काडतुसांत घालता येतील.